दादाचं नाक, वहिनीची रोझमेरी

दि. १२ जानेवारी

चि. चिमणीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं आणि त्यातली बोलणीही पोटभर मिळाली. ताप आला तेव्हा का नाही कळवलं म्हणून तू फणकारली आहेस. अगं, ताप होता तेव्हा पेन धरवत नव्हतं आणि उतरला तेव्हा कळवण्यासारखं काही राहिलं नव्हतं. आता मी ठणठणीत आहे. भूक लागते, झोप लागते, तुझ्या वहिनीचं बोलणंही लागतं. म्हणजे सगळं जागच्या जागी आलं. नाक तेवढं जरा चोंदल्यासारखं आहे. जाईल हळूहळू. नाकाला कसली घाई?

एक मात्र ठरवतो आहे. बेकरीचा हा व्याप आता झेपत नाही. भट्टीसमोर उभं राहायचं, वाकायचं, ट्रे आत सरकवायचे, पुन्हा ओढायचे, यात गुडघे कुरकुरायला लागलेत. शेजारचा औषधवाला आपला गाळा कधीपासून मागतो आहे. माणूस भला आहे. त्याला हो म्हणावं आणि आपण वरच्या गच्चीत खुर्ची टाकून गल्ली बघत बसावं, असं मनात येतं. तू लगेच तलवार उपसू नकोस. तुझ्या रोपवाटिकेत म्हाताऱ्या झाडांना निवृत्त करतच असशील की.

तुझी रोपं, तुझी बस, तुझा खोकला, सगळं कसं आहे ते सविस्तर लिही. आमचा लोभ तुझ्यावर आहेच, तुझा राग तेवढा आवर.

तुझा,
दादा


दि. १९ जानेवारी

प्रिय चिमणी,
सप्रेम नमस्कार.

माझं पत्र बघून दचकू नकोस. एरवी यांच्या पत्राच्या तळाशी दोन ओळी खरडते तेवढंच माझं लिखाण. पण फोन दुकानात आणि फोनच्या शेजारी हे, म्हणून लिहायला बसले.

यांनी तुला गुडघे सांगितले असतील. गुडघे धडधाकट आहेत. यांचं नाक गेलं आहे. म्हणजे जागेवर आहे, चांगलं तरतरीत आहे, पण तापानंतर त्याला वास म्हणून येत नाही. कशाचाच नाही. कॉफीचा नाही, साबणाचा नाही, पावाचा नाही.

तुला यांची सवय ठाऊकच आहे. भट्टीकडे पाठ करून पेपर वाचत बसायचे आणि बातमी अर्धवट सोडून मधेच उठायचे. घड्याळ बघताना मी यांना कधी पाहिलं नाही. दार उघडावं आणि पाव नेमका झालेला असावा. मी विचारायची, कसं कळतं हो? तर म्हणायचे, पाव हाक मारतो. ती हाकच बंद झाली बघ. परवा धूर बघून समोरचा शिंपी हातातली कात्री घेऊन धावत आला. हे पाठ करून पेपर वाचत होते.

आणखी एक आहे, ते मी कोणाला बोलले नाही. एका सकाळी मी जिन्यावरून खाली येत होते तर अर्ध्या वाटेतच गॅसचा असा दर्प आला की पाय थबकला. बर्नरची ज्योत विझली होती आणि गॅस सुटत होता. आणि हे आत उभे, हातात काडेपेटी. मी ओरडले. काय ओरडले ते मला आठवत नाही. यांच्या हातून पेटी पडली. दारं-खिडक्या उघडून आम्ही दोघं फुटपाथवर बसून राहिलो. हे म्हणाले की आज तू नसतीस तर.

कान-नाक-घशाच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या की तापात वासाच्या नसा दुखावल्या आहेत. परत जुळतील, कदाचित नाही जुळणार. उग्र वासाच्या वस्तू सकाळ-संध्याकाळ लक्ष देऊन हुंगायच्या, एवढंच औषध. हे घरी येऊन म्हणाले की या वयात कुत्र्यासारखा हुंगत फिरू का मी? पण काल दुपारी मी दुकानात गेले तर व्हॅनिलाची बाटली नाकाशी धरून, डोळे मिटून बसले होते. मला बघितलं आणि घाईघाईने झाकण शोधायला लागले. चिमणे, मला रडू आलं ते मी पिठाच्या कोठीमागे जाऊन उरकलं.

तुला सांगितलं म्हणून यांना सांगू नकोस. यांना सांभाळायची एखादी युक्ती सुचली तर कळव.

तुझ्यावर नेहमीच विसंबून असलेली,
वहिनी


दि. २७ जानेवारी

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

तुझे गुडघे कसे आहेत? वहिनींनी मला काहीही कळवलेलं नाही हे आधीच सांगून टाकते, म्हणजे त्यांच्यावर डाफरायला नको. मला आपलं स्वप्न पडलं की माझ्या भावाचं नाक रुसून बसलंय.

दादा, तू माझ्यापासून लपवलंस याचा राग पुढच्या भेटीसाठी राखून ठेवते. आत्ता काम ऐक. आमच्या रोपवाटिकेची गाडी तुमच्या बाजूला येते आहे. तिच्या ड्रायव्हरकाकांबरोबर एक कुंडी पाठवते. रोझमेरी म्हणतात हिला. दिसायला विशेष काही नाही. पानं सुयांसारखी बारीक, वरून हिरवी आणि खालून पांढुरकी. पण नुसता हात फिरव. ज्या दिवशी मी हिच्या ओळीत छाटणी करते, त्या दिवशी बसमधली शेजारीण माझ्याकडे वळून वळून बघत असते. आमच्या सगळ्या रोपांत हिच्याइतकं ठामपणे बोलणारं दुसरं कोणी नाही. तुझं नाक कोणाचं ऐकायचं झालं तर हिचंच ऐकेल.

सकाळ-संध्याकाळ एक पान बोटांत चुरगळायचं, नाकाशी धरायचं, आणि पूर्वी येणारे वास आठवायचे. कुत्र्यासारखं हुंगायचं नाही, बेकरीवाल्यासारखं हुंगायचं.

आता तिची निगा. गच्चीत जिथे दिवसभर ऊन असतं तिथे ठेव. वारा खेळता हवा. पाणी मात्र बेताने. बोट मातीत खुपसून बघ, आत कोरडं लागलं तरच घाल. हिला ओले पाय खपत नाहीत. तू पावांना जेवढं जपतोस तेवढं हिला जपू नकोस, नाहीतर लाडाने मरेल.

आणि गाळ्याचं उत्तर औषधवाल्याला एवढ्यात देऊ नकोस. धाकटी आहे म्हणून हट्ट करायचा हक्क माझा.

माया कमी करू नये, पाणी कमी करावं.

तुझी,
चिमणी


दि. १८ फेब्रुवारी

चि. चिमणीस,
अनेक आशीर्वाद.

तुझी रोझमेरीबाई सुखरूप पोचली. ड्रायव्हरकाकांनी ती मांडीवर बसवून आणली की काय कोण जाणे, एक सुई गळली नव्हती. तू सांगितल्याप्रमाणे पान चुरगळलं, नाकाशी धरलं. काही नाही. पुन्हा धरलं. भिंतीला कान लावावा आणि पलीकडच्या घरात कोणी राहतच नसावं, तसं वाटलं. मग तुझ्या वहिनीला दिलं. तिने डोळे मिटले आणि चेहरा असा काही उजळला की मला तिचा हेवा वाटला. बायकोचा हेवा वाटण्याची ही माझी पहिलीच वेळ. मी जिना उतरून खाली आलो.

तरी रोज दोनदा हुंगतो. तुझा हुकूम आहे. रोपाशी गप्पाही मारतो. पण तुझी पाण्याची गोष्ट काही मला पटली नाही. एवढ्या उन्हात ते बिचारं तहानेलं दिसतं. मी सकाळी तांब्याभर घालतो. टोकं तपकिरी पडायला लागली म्हणून आता संध्याकाळीही घालतो.

भट्टी सध्या बंद ठेवली आहे. बाहेरून पाव मागवून विकतो. गिऱ्हाइकं पिशवीत पाव टाकतात, जरा दाबून बघतात आणि काही बोलत नाहीत. बोलली असती तर बरं झालं असतं. माझा जीव या गल्लीत आता पाहुण्यासारखा झालाय. औषधवाल्याला मी या महिन्यात सांगून टाकीन म्हणतो.

तुझा खोकला थांबला का? आमच्याकडचं सगळं प्रेम तुझ्याकडे धाडतो आहे, ते कोरड्या जागी ठेव.

तुझा,
दादा


दि. ६ मार्च

प्रिय चिमणी,
सप्रेम नमस्कार.

तुझं रोप गेलं गं. यांनी माया केली आणि ते बुडालं. मी गच्चीत गेले तेव्हा कुंडीजवळ वाकताच कुजका वास आला. माझ्या नाकाला तो आधीच कळायला हवा होता, पण यांच्या रोपाकडे मी जात नसे. हेच एक यांना करायला उरलं होतं ना. आणि यांना तो वास येणार कसा? उपटून बघितलं तर मुळं काळी, मऊ.

हे तिथेच पायरीवर बसले. म्हणाले की बघ, हिचं आणि माझं एकच झालं, वरून उभे आणि आतून संपलेले. मग उठले, हात धुतले, खाली गेले आणि औषधवाल्याला शब्द देऊन आले. जूनअखेरीस गाळा त्याला. परत आले तेव्हा फार शांत होते. यांना चिडलेलं मी सोसते, शांत झालेलं मला सोसत नाही.

रोप टाकायला म्हणून उचललं, पण टाकवेना. वरचे तीन शेंडे अजून हिरवे होते. ते खुडून पेल्यात पाणी घालून स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवले आहेत. मी जन्मात कधी काही लावलेलं नाही. एका मैत्रिणीने निवडुंग दिला होता, तोही माझ्या हातून मेला, आणि निवडुंग मारायला अंगात काहीतरी लागतं म्हणे. तरी या तिघींसाठी काय करायचं ते सांग. यांना मी यातलं काही बोललेले नाही.

तुझी,
वहिनी


दि. १२ मार्च

ती. सौ. वहिनींस,
सा. न. वि. वि.

टाकलं नाहीत, यातच सगळं आलं. आमच्याकडे शिकाऊ मुली येतात, त्यांना मी पहिलं हेच शिकवते की मेलेल्या झाडातलं जिवंत काय आहे ते आधी बघा. तुम्हाला कोणी शिकवलं नव्हतं.

आता हे शेंडे पाण्यातून काढा. बोटाएवढे ठेवा. खालच्या अर्ध्या भागावरची पानं हलक्या हाताने उतरवा. जाड वाळूत थोडा नारळाचा भुसा मिसळून त्यात ते रोवा. वाळू ओलसर हवी, चिखल नको. जागा उजेडाची, पण तळपतं ऊन नको. वरून काचेची बरणी पालथी घाला आणि रोज थोडा वेळ ती काढून वारा द्या. आणि एक गोष्ट कितीही मनात आलं तरी करायची नाही. मुळं आली का म्हणून उपटून बघायचं नाही. आमच्यात भले भले तिथे चुकतात. काही आठवड्यांनी चिमटीत धरून अगदी हलकं ओढा. तिने धरून ठेवलं तर समजायचं की ती राहणार आहे.

वहिनी, गॅसच्या सकाळबद्दल तुम्ही लिहिलंत ते मी पुन्हा पुन्हा वाचते. अर्ध्या जिन्यात तुम्हाला वास आला म्हणून आज मला भाऊ आहे. तुम्ही ते डाळ करपल्याची बातमी द्यावी तसं सांगून मोकळ्या झालात. दादाच्या नाकाचं आम्ही सगळ्यांनी आयुष्यभर कौतुक केलं. घरात दुसरंही एक नाक आहे हे कोणाच्या लक्षात आलं नाही, माझ्याही.

ड्रायव्हरकाका तुमच्या बाजूला आले की ताज्या रोझमेरीची जुडी पाठवत जाईन. दादाचं हुंगणं बंद पडू देऊ नका आणि खिडकीतल्या बाळांची पानं कोणाला तोडू देऊ नका.

तुमच्या मायेत जागा राखून ठेवावी.

तुमची,
चिमणी


दि. ३ जून

प्रिय चिमणी,
सप्रेम नमस्कार.

बातम्या दोन आहेत. तिघींतल्या दोघी गेल्या. तिसरीला मी भीत भीत चिमटीत धरून ओढलं, तर तिने मला परत ओढलं. मी स्वयंपाकघरात एकटीच हसले. आता तिला कुंडीत हलवली आहे, कडेने दोन नव्या फांद्या फुटल्या आहेत आणि ती गच्चीत वाऱ्यात उभी असते. यांनी विचारलं की हे कुठून आलं? मी म्हटलं, तुमच्याच रोपाचं आहे. हे बराच वेळ तिच्यासमोर बसून होते. पाण्याचा तांब्या मी लपवून ठेवला आहे.

दुसरी बातमी वाचताना हसू नकोस. मी भट्टी पेटवली.

झालं असं की तू पाठवलेली जुडी मोठी होती, वाया जाईल म्हणून मी काही पानं बारीक चिरली आणि तेलात मंद आचेवर सोडली. घरभर असा काही वास सुटला की मला वाटलं, हा पावात गेला पाहिजे. मळायला मला येतं. भाजणं यांचं, पण गल्ल्यावर बसून इतकी वर्षं मी काय पाठ फिरवून बसले होते? हे वर झोपलेले असताना मी खाली गेले. आधी गॅसची जोडणी हुंगून बघितली, मग काडी ओढली.

पहिला घाणा म्हणजे विटा. रोझमेरी इतकी झाली की समोरच्या शिंप्याने एक घास खाल्ला आणि म्हणाला की वहिनी, पाव कसा आहे सांगता येत नाही, पण खोकल्याला उत्तम. मी म्हटलं, मग उरलेला चिमणीला पाठवते. दुसऱ्या दिवशी पानं निम्मी केली. पीठ जास्त वेळ फुगू दिलं. वासावर लक्ष ठेवून बसले. आधी ओल्या कापडासारखा येतो, मग तापल्या दुधासारखा. त्यानंतर भाजल्या दाण्यांसारखा यायला लागला तशी मी दार उघडायला उठले.

पाठीमागून आवाज आला की अजून नाही. हे दारात उभे होते. केव्हापासून, कोण जाणे. मी म्हटलं, वास तर झाल्याचा येतोय. हे म्हणाले की मधेमधे दार उघडलंस म्हणून वरचं आधी झालंय, आत कच्चा असेल. एक पाव फडक्यात धरून बाहेर काढला, उलटा केला आणि बुडाशी बोटांनी टकटक केलं. कान जवळ नेऊन ऐकलं, डॉक्टर छाती ऐकतात तसं. म्हणाले की बद्द वाजतोय, पोकळ वाजायला हवा. पुन्हा आत सारला. मग आम्ही दोघं लक्ष लावून बसलो. मी नाकाने, हे कानांनी. थोड्या वेळाने वास बदलला, कडेला किंचित कॅरॅमल झाल्यासारखा. मी सांगितलं. यांनी काढला, वाजवला आणि माझ्याकडे बघितलं. झाला होता.

बाकीचं हेच लिहितील. दोन दिवस तुझी पत्रं काढून वाचत बसलेत.

तुझी,
वहिनी


दि. ११ जून

चि. चिमणीस,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या वहिनीबरोबर मी उभा संसार केला, आणि ती कोण आहे ते मला आता माझ्याच भट्टीपाशी कळलं.

मी वर झोपलो होतो. खाली ट्रे सरकल्याचा आवाज आला. चोर ट्रे का चोरेल म्हणून उतरलो, तर बाईसाहेब पदर खोचून, कपाळाला पीठ, भट्टीसमोर स्टूल टाकून बसलेल्या. डोळे मिटलेले. आणि स्वतःशी पुटपुटत होती, कापड गेलं, दूध आलं, दूध आलं. आधी वाटलं हिला वेड लागलं. मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. चिमणे, मी ज्याला पावाची हाक म्हणायचो ना, ती हाक हीच. मला वास यायचा आणि मी उठायचो, त्या वासाला शब्द माझ्यापाशी कधी नव्हते. कोणाला शिकवता आलं नसतं. हिने एकटीने बसून त्याला शब्द दिले. ती मोठ्याने सांगत असते, आणि मला नाकात काही येत नाही पण डोक्यात सगळं दिसायला लागतं.

आता आमचं असं चाललंय. मळणं आम्ही वाटून घेतलंय. पीठ केव्हा तयार झालं ते माझं बोट सांगतं. भाजायला टाकलं की ती बोलायला लागते आणि मी बुडाला कान लावतो. पहिल्यांदा माझा अहंकार आडवा आला, खोटं कशाला सांगू. ती म्हणाली झाला, मी म्हटलं नाही, आणि माझ्या हट्टापायी एक ट्रे करपला. तिने करपलेला पाव माझ्या बशीत वाढला, एवढंच.

रोझमेरी किती घालायची ते मात्र माझ्याकडे आहे. वास नसला तरी जीभ शाबूत आहे. जास्त झाली की ती कडू लागते आणि कडू मला बरोबर कळतं. तिचं नाक म्हणतं आणखी चालेल, माझी जीभ म्हणते पुरे. त्या दोघांच्या भांडणातून जो पाव निघतो तो, चिमणे, मी धडपणे चाखू शकत नाही, पण खाणाऱ्यांची तोंडं मी बघतो. एक बाई विकत घेऊन दुकानाबाहेर गेल्या, तिथेच एक तुकडा मोडला, खाल्ला, आणि परत आत येऊन आणखी एक घेऊन गेल्या. अशी दारातून परत वळलेली गिऱ्हाइकं मी विसरूनच गेलो होतो.

काल औषधवाल्याकडे गेलो. दिलेला शब्द मागे घ्यायचा म्हणजे नाक मुठीत धरून जाणं आलं, आणि माझं नाक तर आधीच निकामी. मी तोंड उघडायच्या आत तो म्हणाला की कळलं मला, सकाळपासून माझ्या दुकानात औषधांचा वास येत नाहीये. तो कोपऱ्यावरचा दुसरा गाळा बघतोय. मोठ्या मनाचा माणूस.

डॉक्टरीणबाईंनी पुन्हा तपासलं. नाक तसंच आहे. पण मला आता सकाळी उठावंसं वाटतं.

इथल्या दोघांची माया, आणि एक पाव, ड्रायव्हरकाकांबरोबर.

तुझा,
दादा


दि. २० जून

ती. दादा आणि ती. सौ. वहिनींस,
शि. सा. न. वि. वि.

पाव मिळाला. अर्धा ड्रायव्हरकाकांनी वाटेत तपासून बघितला, तेव्हा उरलेला मिळाला म्हणायचं. माझ्या टेबलाशी उभ्या राहून आम्ही पाच जणींनी तो संपवला. रोज रोझमेरीत हात असलेल्या बायका आम्ही, आणि तरी तळहातावरचे कणही वेचून खाल्ले. शेवटी एक म्हणाली की आपण हिला इतके दिवस नुसतं विकत होतो.

वहिनी, मला खरं सांगा, कापड-दूध-दाणे हे तुम्हाला सुचलं कसं? मी आमच्या शिकाऊ मुलींना तुमची गोष्ट सांगते. त्यांना वाटतं तुम्ही कोणी मोठ्या कारागीर आहात. मी ते खोडून काढत नाही, कारण ते खरं आहे.

रोप दोन विती झालं की शेंडे खुडत जा, म्हणजे कडेने भरेल. खाली जिथे नुसतं लाकूड आहे तिथे कापू नका, तिथून पुन्हा फुटत नाही. दादा, तू पाणी घालतोस का? मला खरं उत्तर वहिनींकडून हवं. आणि रोजचं हुंगणं सोडू नकोस. आता काही घाई नाही, पण सोडू नकोस.

दोघांच्या आशीर्वादाची आणि पुढच्या पावाची वाट बघणारी,
चिमणी


दि. ४ ऑक्टोबर

चि. चिमणीस,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या रोपाला अत्यंत घाण वास येतो. आमचं अभिनंदन कर.

काल सकाळची गोष्ट. तुझी वहिनी खाली भट्टीपाशी, मी गच्चीत पावासाठी शेंडे खुडत होतो. एकाएकी जळका रबर आणि त्यात सडका कांदा, असं काहीतरी नाकात शिरलं. मला वाटलं खाली वायर पेटली. तसाच जिना उतरत ओरडत सुटलो की गॅस बंद कर, गॅस बंद कर, काहीतरी जळतंय. तिने हात पुसत चहूकडे पाहिलं, हुंगलं, आणि म्हणाली की अहो, काही जळत नाहीये. मी म्हटलं, अगं असं कसं, मला चांगला वास... आणि तिथे माझी जीभ अडकली.

मी हळूच बोटं नाकाशी नेली. तीच घाण. तिच्या नाकाशी नेली. ती म्हणाली, छान रोझमेरीचा वास आहे. मग पिठाच्या पोत्यावर बसली आणि पदर डोळ्यांना लावला. यावेळी कोठीमागे गेली नाही; तेव्हाचं मला कळलं होतं.

डॉक्टरीणबाई टेबलावर थाप मारून हसल्या. म्हणाल्या की तुटलेल्या तारा जुळायला लागल्यात, पण चुकीच्या जागी जुळताहेत. पुष्कळांचं असंच सुरू होतं. काहींचं पुढे सरळ होतं, काहींचं थोडं वाकडंच राहतं, खात्री कोणी देऊ शकत नाही. आज कॉफीलाही तोच कांदा आला. पावाला अजून काहीच येत नाही. पण भिंतीपलीकडे कोणीतरी राहतंय, चिमणे. भांडखोर आहे, घाणेरडं आहे, पण आहे.

आनंदाच्या भरात मी तुझ्या वहिनीला म्हटलं की आता माझं नाक ताळ्यावर येईल, तुझी भट्टीपासून सुटका, पूर्वीसारखी गल्ल्यावर आरामात बस. ती मळत होती. मळणं थांबवलंसुद्धा नाही. म्हणाली की तुमचं नाक आलं तर आनंदच आहे, ते तुमच्या तोंडावर ठेवा, पण माझं स्टूल मी सोडणार नाही. तेव्हा आज दिवसभर गल्ल्यावर मी बसलो. चिल्लर मोजताना चुकलो, दोन गिऱ्हाइकांना एकमेकांच्या पिशव्या दिल्या, आणि आतून तिचा आवाज येत होता, दूध आलं, दूध आलं. या कामाला इतकं लक्ष लागतं हे तिने मला कधी सांगितलं नव्हतं.

लोभ तुझा आहेच. त्याला कसाही वास आला तरी आम्हाला तो गोडच लागेल.

दुर्गंधाने सुखावलेला,
तुझा दादा

ता. क. चिमणी, हे पत्र लिहिताना यांनी ओळीओळीला बोटं हुंगली आणि ओळीओळीला तोंड वाकडं केलं. इतकं देखणं तोंड मी आमच्या लग्नातही पाहिलं नव्हतं. — वहिनी